पाद्र्यांची मराठी पोथी आणि आमचे मठ

ख्रिस्ती संन्याशांच्या एका संघाचा इतिहास मुरुडच्या पेठेंतील वाचकांस काय कामाचा, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. आमचें उत्तर असें कीं, या संघाचें सर्वांत टिकाऊ काम आमच्याच भाषेंत झालें आहे, आणि त्यानें केलेला मोठा अन्यायही आमच्याच भाषाबंधूंवर झालेला आहे. व्यापारी मनुष्य जमा व नावें या दोन्ही बाजू पाहिल्यावांचून खातें पुरें झालें असें मानीत नाहीं. या संघाच्या बाबतींत मात्र कोणी केवळ जमा वाचतो, कोणी केवळ नावें.

येशूसंघ, ज्याला जेझुइट असें नांव आहे, त्याची स्थापना इग्नेशियस लोयोला नामक स्पॅनिश गृहस्थानें केली व इ. स. १५४० मध्यें तीस पोपची मान्यता मिळाली. जुन्या ख्रिस्ती मठांप्रमाणें चार भिंतींच्या आंत बसून घंटानादाबरोबर प्रार्थना करणें हा या संघाचा क्रम नव्हे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांची शपथ घ्यावी, आणि धाडतील त्या मुलखांत जावें, असा त्यांचा नियम. फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरला तो याच नियमानें. संघाची मालमत्ता व्यक्तीची नव्हे, आणि एक मेला तर दुसरा त्याच्या जागीं येतो. वारसाचा तंटा उत्पन्न होत नाहीं. आमच्याकडे गादीचे दावे कोर्टांत किती वर्षें चालतात, हें वकिली करणारांस निराळें सांगावयास नको.

१५५६ सालीं अबिसीनियास जावयाचा एक छापखाना गोव्यांतच राहिला व सेंट पॉल विद्यालयांत मांडला गेला. हिंदुस्थानांतील हा पहिला छापखाना होय. पुढें १५७९ च्या ऑक्टोबरांत टॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज पाद्री गोव्यास आला, आणि उरलेलें जवळजवळ सारें आयुष्य त्यानें साष्टी प्रांतांत काढलें. तेथें तो लोकांची भाषा नुसती बोलावयास शिकला नाहीं, तर तींत काव्य करण्याइतकी ती त्यानें आत्मसात् केली. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोलच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या भागांत यहुदी लोकांच्या जुन्या कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. घाट सारा आमच्या पुराणांचा आहे: श्रोते शंका विचारतात व वक्ता निरसन करतो, स्वर्गास वैकुंठ म्हणावयासही ग्रंथकर्ता कचरत नाहीं. मराठीची त्यानें त्यांत जी थोरवी गायिली आहे, ती आमच्या शाळांतील मुलांस ठाऊक आहे. शिवाय या भाषेचें, म्हणजे तेथील कोकणीचें, व्याकरणही त्यानें रचिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० त छापलें गेलें. मात्र पुराण छापलें तें रोमन लिपींत. देशी अक्षरांचे सहाशें सांचे लागतील अशी अडचण होती. ते दोनशेंवर आणतां येतील असें स्टीफन्सनें १६०८ मध्यें वरिष्ठांस लिहून परवानगी मागितली होती. ते सांचे त्याच्या हयातींत झाले नाहींत. ते झाले असते तर मराठी मुद्रणाचा इतिहास निराळ्या तऱ्हेनें लिहावा लागला असता.

आतां दुसरी बाजू. ज्या साष्टींत हें पुराण रचलें गेलें, तेथील देवळें १५६७ च्या सुमारास सरकारी हुकुमानें जमीनदोस्त करण्यांत आलीं, आणि त्यांत या संघाचा हात होता. कुशस्थळीचा मंगेश व केळोशीची शांतादुर्गा यांस भक्तांनीं नदीपार, पोर्तुगीज अमलाबाहेर नेलें. आजही तीं दैवतें प्रियोळ व कवळें येथेंच आहेत. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं पांच पाद्र्यांस ठार केलें. त्यावर सरकारानें गांवच्या प्रमुखांस बोलणीसाठीं आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांचा वध केला. पाहुणचाराचें निमित्त करून केलेला हा घात कोणत्याही कायद्यांत बसत नाहीं, आणि पाद्र्यांचा वध झाला म्हणून तो क्षम्यही ठरत नाहीं. स्टीफन्स तेव्हां साष्टींतच होता. त्याच्या ओव्यांचें माधुर्य सांगतांना ही गोष्ट गाळणें म्हणजे अर्धें खातें फाडून टाकणें होय.

सरकारच्या तलवारीच्या आधारानें जें उभें राहतें, तें सरकारची मर्जी फिरतांच पडतें. १६८४ सालीं पोर्तुगीज राजप्रतिनिधीनें हुकूम काढला कीं, गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. या हुकुमासाठीं आग्रह धरणारे फ्रान्सिस्कन, म्हणजे दुसऱ्याच एका संघाचे संन्यासी होते. राज्यकर्ता भाषा हिरावतो म्हणजे काय होतें, हें मराठवाड्यास समजावून द्यावयाची गरज नाहीं. निजामाच्या अमलांत १९४८ पर्यंत आमच्या मुलांस उर्दूंतून शिकावें लागलें, व दरबारचा कागदही उर्दूच असे. पुढें १७५९ त पोर्तुगालचा प्रधान पोंबाल यानें येशूसंघाचीच हकालपट्टी करून त्याची मालमत्ता जप्त केली. १७७३ त पोपनेंच संघ मोडला, आणि १८१४ पर्यंत तो पुन्हां उभा राहिला नाहीं. १८३५ त तर गोव्यांतील झाडून साऱ्या संघांचे मठ बंद झाले. जुन्या गोव्यांतील ऑगस्टिनियन मठाचा पडका मनोरा अद्याप उभा आहे.

मठ गेले, जमिनी गेल्या, पोथी मात्र राहिली! पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें नकलून ठेवलीं, त्यांवरून १९०७ मध्यें मंगळुरास ग्रंथ पुन्हां छापला गेला, आणि १९५६ त तो देवनागरींत निघाला. याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या काळांत साष्टींत आमचे ग्रंथ नाहींसे केले जात होते, त्याच काळांत पाद्र्यांनीं रामायण-महाभारताच्या देशी कथा रोमन लिपींत उतरून घेतल्या, आणि त्या आज पोर्तुगालांत ब्राग येथील ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. याच संघानें मुंबईंत १८६९ त झेवियर कॉलेज काढलें, व तेथेंच १९२६ मध्यें फादर हेरास यांनीं हिंदी इतिहासाच्या संशोधनाची संस्था स्थापिली.

स्टीफन्स राचोलला ओव्या रचीत होता, त्याच काळांत आमच्या आंबेजोगाईस दासोपंत गीतार्णव लिहीत होते. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा हा ग्रंथ! कागद पुरेना म्हणून कीं काय, त्यांनीं लांबलचक कापडाच्या पासोडीवरही लिहिलें. शके १५३७ मध्यें त्यांनीं देह ठेवला. परंतु विसाव्या शतकापर्यंत त्यांचें बहुतेक लेखन हस्तलिखितांतच पडून राहिलें, आणि महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षितांस त्यांचें नांवही ठाऊक नव्हतें. येथें परकी राजा आडवा आला नव्हता. पोथी पूजावयाची, वाचावयाची नव्हे, हा आमचाच समज आडवा आला. लाल वस्त्रांत बांधलेलीं तीं बाडें वर्षांतून एकदां गंधाक्षत लावून पुन्हां पेटींत जातात, आणि वाळवी आपलें काम करीत राहते.

संन्याशानें शाळा चालविणें हें आमच्या भूमीस परकें आहे असें मात्र कोणीं म्हणूं नये. त्याच आंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत स्वामी रामानंद तीर्थ यांनीं शिकविलें, आणि पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व त्यांनींच केलें. तेव्हां आमच्या मठाधिपतींस व विश्वस्तांस आमची विनंति स्पष्ट आहे. आपल्या मठांत किती बाडें आहेत त्याची यादी करावी. त्यांची छायाचित्रें घेऊं द्यावीं. यादीची एक प्रत गांवच्या वाचनालयांत ठेवावी. पोथी मठांतच राहील, तिचा मान राहील, फक्त तिची नक्कल बाहेर येईल. यास फार पैसा लागत नाहीं. देवळाच्या कळसास जे आडते व सावकार वर्गणी देतात, त्यांनीं यंदा त्यांतील थोडा भाग एखाद्या मठाच्या पोथ्यांकडे वळवावा. आणि विश्वस्त नकार देतील तर तो लेखी मागून घ्यावा.