सुटकेनंतरचा चारा

कत्तलखान्याकडे निघालेला ट्रक अडवला की बातमी होते, आणि त्यातली जनावरं पांजरपोळात उतरली की ती संपते. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कामातून गेलेला बैल आणखी कित्येक वर्षं जगतो. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा, वर पाच-सहा किलो कडबा लागतो. पाण्याचं तर विचारूच नका. त्यात सोडवून आणलेलं जनावर बहुधा खंगलेलं. ते बसलं आणि एका कुशीवर पडून राहिलं, तर पोटात वायू साठून दगावतं. म्हणून भुसकटाची पोती टेकवून त्याला छातीवर बसतं ठेवायचं आणि दर काही तासांनी कूस पालटायची, नाहीतर हाडांवर जखमा होतात. चारशे किलोंचा बैल पालटायला चार गडी हवेत, रात्रीसुद्धा. भूतदयेचा खर्च मोजू नये, असं म्हणणारे या गड्यांच्या पगाराचं बोलत नाहीत.

हा खर्च मोजण्यात पूर्वसुरींना कमीपणा वाटला नव्हता. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून १८३२ साली मुंबईत दंगल झाली. पाठोपाठ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून घेतला. पुण्य होतंच, पण त्याला बांधीव उत्पन्न जोडलेलं होतं. आज राज्याने जबाबदारी वाढवली, उत्पन्नाचं मात्र जेमतेम पाहिलं. राज्याच्या १९७६ च्या कायद्यात गाईला कत्तलीपासून संरक्षण होतं. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरलं. याच राज्याने २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे रोज १०० रुपयांपर्यंत दर दिला होता. दुष्काळात चारा महाग असतो हे खरं; तरी पाच वर्षांनंतरचा निम्मा दर कोणत्या हिशेबात बसतो? शिवाय जर्सीचा संकरित गोऱ्हा ‘देशी’ नाही, आणि सर्वांत आधी नकोसा होतो तो तोच.

माणसं अर्धपोटी असताना जनावरांवर खर्च कशाला, हा आक्षेप जुना आहे. पण विक्रीची वाट कायद्याने बंद केली, तेव्हा हा खर्च ऐच्छिक उरला नाही. सरकारने उचलला नाही तर तो शेतकऱ्याच्या दावणीला बांधला जातो. भाकड जनावर सोडून देणाऱ्याला निर्दय ठरवणं सोपं आहे. पशुगणनेत मात्र २०१२ ते २०१९ दरम्यान राज्यातला गोवंश १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आला आणि म्हशी ५६ लाखांच्या आसपास टिकल्या. ट्रॅक्टरचा वाटा यात मोठा आहे, सगळं कायद्यावर ढकलता येणार नाही. तरीही भाकड म्हैस विकता येते, हे दोन दावणी शेजारी असलेल्या कुणालाही कळतं.

सुरुवात करायचीच तर जप्तीपासून करावी. पकडलेला बैल खटल्याच्या भाषेत मुद्देमाल असतो. जप्त मोटारसायकल ठाण्याच्या आवारात गंजत पडली तरी चालतं. बैल खटल्याच्या प्रत्येक तारखेपर्यंत खातो. २०१७ च्या केंद्रीय नियमांत या काळातला सांभाळखर्च ठरवून त्याची हमी घेण्याची तरतूद आहे. जनावर गोशाळेच्या ताब्यात देणाऱ्या हुकमातच रोजचा दर आणि तो कोण भरणार हे लिहिलं, तर चारा उधारीवर आणावा लागणार नाही.