देव न मानणारे ज्यू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्राला ज्यू माणूस ठाऊक झाला तो कोकणातल्या बेने इस्रायलींमुळे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’, गावांवरून आलेली पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं, घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू, नवस फेडायला मलिदा. शतकानुशतकं या समाजाची ओळख टिकली ती मुख्यतः धर्माचारामुळे. त्यामुळे आपल्याला ज्यू म्हटलं की सिनेगॉग, शब्बाथ आणि सुंता एवढंच आठवतं. ‘सेक्युलर ज्यू’ हा शब्दप्रयोग मग विसंगत वाटतो.

इथे ज्याविषयी लिहितो आहे तो समाज वेगळा आहे. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. दंगली, दारिद्र्य आणि झारशाहीचे जाचक कायदे ही त्यामागची कारणं. त्यांतल्या असंख्य लोकांनी धर्म बाजूला ठेवला, पण ज्यूपण सोडलं नाही. त्यांनी उभारलेल्या संस्था आजही चालू आहेत. त्यांच्याविषयी आपल्याकडे मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. जे कानावर येतं त्यात गैरसमजच अधिक.

‘देव मानत नाही, मग ज्यू कसा?’

पहिली गोष्ट, खुद्द सनातनी ज्यू धर्मशास्त्रच हा प्रश्न श्रद्धेवर सोडत नाही. आई ज्यू असेल तर मूल ज्यू. ते पुढे प्रार्थना करो वा न करो. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढ ज्यूंपैकी २७ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असं सांगितलं, आणि तरीही स्वतःला ज्यूच म्हटलं. म्हणजे हा काही मूठभर विक्षिप्तांचा प्रकार नाही.

दुसरी गोष्ट, धर्म सोडला म्हणजे सण सोडले असंही नाही. १८९० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये असे अराज्यवादी होते, जे योम किपूरच्या उपासाच्या दिवशी मुद्दाम नाचगाण्याचे आणि खाण्यापिण्याचे जलसे भरवत. परंपरेला डिवचण्याचा तो जोश फार टिकला नाही. टिकली ती दुसरी वाट: सण ठेवायचा, त्याचा अर्थ माणसांच्या जगात शोधायचा. पेसाख हा इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण. धार्मिक घरात सुटका देव करतो. सेक्युलर कुटुंबांच्या हगादात, म्हणजे जेवणाआधी वाचायच्या पोथीत, भर असतो गुलामांच्या उठावावर. वॉर्सा घेट्टोतल्या ज्यूंचा नाझींविरुद्धचा सशस्त्र उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी, पेसाखच्या पूर्वसंध्येला सुरू झाला. त्यामुळे या कुटुंबांत त्या लढवय्यांचं स्मरण पेसाखच्याच जेवणाशी जोडलं गेलं. त्या उठावातून जिवंत राहिलेले नेते मारेक एडेलमान हे ‘बुंड’ या ज्यू समाजवादी पक्षाचे होते.

या पोथीचा सर्वांत गाजलेला नवा अवतार मात्र एका धर्मनिष्ठ होत गेलेल्या माणसाने केला, हेही सांगायला हवं. आर्थर वास्को यांनी ४ एप्रिल १९६९ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला एक वर्ष झालं त्या दिवशी, वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय चर्चच्या तळघरात ‘फ्रीडम सेडर’ भरवला; सेडर म्हणजे हगादा वाचून करायचं पेसाखचं जेवण. ज्यू आणि ख्रिस्ती, गोरे आणि काळे असे सुमारे ८०० लोक जमले. वास्को पुढे रब्बाय झाले. धार्मिक आणि सेक्युलर यांच्यात जी भिंत आपण कल्पितो, ती प्रत्यक्षात अशी जागोजागी सच्छिद्र आहे.

‘ज्यू म्हणजे सावकार, व्यापारी, पैसेवाले’

हा गैरसमज नुसता चुकीचा नाही, घातक आहे; युरोपात त्याने माणसं मारली. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ज्यू कुटुंबं अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत राहत. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि शिलाई. क्षयाने माणसं पटापट जात. कपड्यांच्या कारखान्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुली पहाटेपासून मशीनवर बसत.

२२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात या कामगारांची सभा भरली. पुढाऱ्यांची सावध भाषणं लांबत चालली. तेव्हा क्लारा लेमलिक ही विशीतली युक्रेनमधून आलेली मुलगी उठली, यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या बोलीत थोडकंच बोलली आणि सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. सभेने हात उंचावून शपथ घेतली: फितूर झालो तर हा हात झडून जावो. जेरुसलेमला विसरलो तर उजवा हात लुळा पडो, या प्राचीन स्तोत्रातल्या शपथेचं हे कामगारी रूप. देव त्यातून गेला होता. शपथेचं वजन मात्र सभेतल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढच्या काही दिवसांत वीस हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. बहुतेक ज्यू मुली, सोबत इटालियन.

काही कारखाने नमले, पण ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने कामगार संघटनेला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी तिथे आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जण मेले, त्यांत बहुसंख्य तरुण मुली. कारखान्याचे मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हेही ज्यूच होते. खटल्यात ते सुटले. ‘ज्यू एकमेकांना सांभाळून घेतात’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. त्या मुलींच्या बाजूने उभी राहिली ती जात-गोत नव्हे, संघटना. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि आगीपासून संरक्षण, कामाचे तास, स्वच्छता यांविषयी एकामागून एक कायदे केले.

‘संस्कृती हा फावल्या वेळचा छंद, न्यायाचं काम वेगळं’

सगळ्यांत मोठा गैरसमज मला हा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो. सेक्युलर ज्यूंच्या एखाद्या संस्थेचं पत्रक हाती आलं की एकीकडे गायनवृंद, भाषेचे वर्ग, सणाचं जेवण, आणि दुसरीकडे किमान वेतन, स्थलांतरितांचे हक्क, मतदानाचा प्रश्न असे दोन रकाने दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, दोन भिन्न कामं एका छपराखाली कोंबली आहेत. इतिहास पाहिला की कळतं, ती एकाच गरजेतून निघाली.

‘आर्बेटर रिंग’, आजचं नाव ‘वर्कर्स सर्कल’, ही संस्था १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये मूठभर स्थलांतरित कामगारांनी सुरू केली आणि १९०० साली ती देशव्यापी झाली. आरंभ अगदी रोकड्या गोष्टींपासून झाला. सभासद आजारी पडला तर आठवड्याला काही पैसे. मेला तर दफनाचा खर्च आणि विधवेला विमा. १९१० मध्ये लिबर्टी या गावी संस्थेने स्वतःचं क्षयरोग आरोग्यधाम उघडलं. संस्थेने दफनभूमीतही जागा घेतली, कारण धर्म न मानणाऱ्यालाही शेवटी माती लागतेच.

सुरुवातीच्या सभासदांना खास ज्यू संस्कृतीचं कौतुक नव्हतं. आपण जगाचे कामगार, यिडिश ही नुसती सभेत बोलायची सोय, इंग्रजी आली की ती जाईल, असं ते मानत. १९०५ ची रशियन क्रांती फसली आणि बुंडचे कार्यकर्ते परागंदा होऊन अमेरिकेत आले, तेव्हा वाद पेटला. या नव्यांचं म्हणणं: ज्याला स्वतःच्या आईच्या भाषेची लाज वाटते, तो मालकासमोर ताठ उभा कसा राहील? जुने आणि नवे यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं झाली. अखेर नव्यांचं म्हणणं पटलं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यिडिश शाळा सुरू झाल्या. मुलं दिवसा सरकारी शाळेत जात, संध्याकाळी इथे येऊन शोलेम आलेखेम आणि पेरेत्स हे यिडिश लेखक वाचत, ज्यू इतिहास शिकत, संपाची गाणी म्हणत. १९२० च्या दशकात संस्थेचे सभासद ऐंशी हजारांवर गेले होते.

शोलेम आलेखेम यांच्या मृत्युपत्रातून हे नातं फार सुंदर दिसतं. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हा लाखाहून अधिक लोक अंत्ययात्रेला रस्त्यावर आले. मला बड्या लोकांत पुरू नका, साध्या कष्टकरी ज्यूंमध्ये पुरा, अशी त्यांची इच्छा होती. क्वीन्समधल्या माउंट कार्मेल दफनभूमीत, आर्बेटर रिंगच्याच भागात त्यांची कबर आहे. पुण्यतिथीला कुणाला प्रार्थना म्हणायची नसेल, तर माझी एखादी हसवणारी गोष्ट वाचा, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत, असंही त्यांनी लिहून ठेवलं. ते वाचन आजही होतं. श्राद्धाला विनोदी कथा वाचणाऱ्या समाजाला परंपराहीन कोण म्हणेल?

घरांचंही तसंच. १९२७ च्या सुमारास ब्राँक्समध्ये ज्यू कामगारांनी एकामागून एक सहकारी वसाहती बांधल्या. ‘अमॅल्गमेटेड’ वस्त्रकामगार संघटनेची, ‘शोलेम आलेखेम हाउसेस’ यिडिशप्रेमींची, ‘कूप्स’ कम्युनिस्टांची. वाचनालय, सभागृह, कलावंतांसाठी स्टुडिओ, मुलांचे वर्ग या गोष्टी नकाशातच धरलेल्या होत्या. कूप्समध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांना जाणीवपूर्वक घरं दिली गेली. त्या काळच्या अमेरिकेत हे धाडस होतं.

‘यिडिश म्हणजे हिब्रू, आणि ती मेली’

दोन्ही चूक. यिडिश हिब्रू लिपीत लिहितात, पण तिचा सांगाडा जर्मन कुळातला आहे. त्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्दांची भर. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती एक कोटीहून अधिक लोकांची भाषा होती. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिडिश बोलणारे होते. ही भाषा आपोआप आटली नाही. तिचे बोलणारे मारले गेले. म्हणूनच ती शिकणं हेच अनेकांना न्यायाचं काम वाटतं.

आज ती घरोघर बोलली जाते ती ब्रुकलिनसारख्या ठिकाणच्या कर्मठ हसिदी कुटुंबांत. सेक्युलर लोक तिचं साहित्य जपतात. १९८० मध्ये आरन लान्स्की या तरुणाने कचऱ्यात जाणारी यिडिश पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. त्यातून मॅसॅच्युसेट्समधलं यिडिश बुक सेंटर उभं राहिलं आणि दहा लाखांहून अधिक पुस्तकं वाचवली गेली.

‘हे सगळे एकाच विचाराचे’

मुळीच नाही. १९२० च्या दशकात रशियातल्या बोल्शेविक क्रांतीच्या प्रश्नावर आर्बेटर रिंग दुभंगली. न्यूयॉर्कजवळच्या सिल्व्हन लेक तलावाच्या एका काठावर कम्युनिस्टांकडे झुकलेल्यांची ‘किंडरलँड’ ही मुलांची शिबिराची जागा होती, १९२३ पासूनची; फुटीनंतर आर्बेटर रिंगने १९२७ मध्ये समोरच्या काठावर ‘किंडर रिंग’ काढली. गाणी बरीचशी तीच, भाषा तीच. फुटून गेलेल्या डाव्या गटाने १९३० मध्ये ‘इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर’ स्थापली. काळ्या सभासदांना गोऱ्यांइतक्याच दरात विमा देणारी ही संस्था शीतयुद्धाच्या काळात न्यूयॉर्क राज्याने मोडीत काढली. विमा आर्थिकदृष्ट्या भक्कम होता. आक्षेप राजकारणावर होता.

इस्रायलविषयी तर आजही तीव्र मतभेद आहेत. बुंडची मूळ भूमिका झायोनिझमच्या, म्हणजे ज्यूंना स्वतःचं वेगळं राष्ट्र हवं या विचाराच्या, विरोधातली: ज्यू जिथे राहतात तिथेच त्यांनी हक्कांसाठी लढावं. आजच्या सेक्युलर मंडळींत इस्रायलचे समर्थक आहेत, टीकाकार आहेत, पॅलेस्टिनींच्या बाजूने रस्त्यावर उतरणारेही आहेत. एकाच जेवणाच्या टेबलावर तिघंही सापडतात. म्हणून ‘सेक्युलर ज्यूंचं मत’ असं एकवचन वापरणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नये.

‘स्वतःपुरतं पाहणारे’

‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणं बिली हॉलिडेने १९३९ मध्ये अजरामर केलं. झुंडीने फासावर लटकवलेल्या काळ्या माणसांचं ते गाणं लिहिलं होतं एबल मीरोपोल या ब्राँक्सच्या ज्यू शिक्षकाने. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपीमध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी तीन तरुणांना मारलं, कारण ते काळ्यांच्या मतदानहक्कासाठी काम करत होते. जेम्स चेनी काळा होता. अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वेर्नर न्यूयॉर्कच्या ज्यू घरांतले, धर्माचारापासून दूर.

याचा अर्थ नातं सदैव गोड होतं असा नाही. १९६८ मध्ये ब्रुकलिनच्या ओशन हिल–ब्राउन्सव्हिल भागात शाळा कुणाच्या ताब्यात असाव्यात यावरून, बहुसंख्य ज्यू सभासद असलेली शिक्षक संघटना आणि काळे पालक एकमेकांसमोर ठाकले. दोन्ही बाजूंनी कटू बोललं गेलं आणि ती जखम बरीच वर्षं राहिली. कामगार संघटनेचा हक्क आणि वस्तीचा हक्क यांची ती टक्कर होती. अशा टकरी लपवून या परंपरेचं गुणगान करणं मला अप्रामाणिक वाटतं.

‘आता हे सगळं इतिहासजमा’

क्षयाचं आरोग्यधाम केव्हाच बंद झालं, विम्यासाठी आज कुणी सभासद होत नाही, हे खरं. नातवंडं उपनगरांत गेली, शाळांची संख्या घटली. पण वर्कर्स सर्कलच्या ऑनलाइन यिडिश वर्गांना जगभरातून विद्यार्थी येतात, आणि तीच संस्था मतदानाचा हक्क आणि स्थलांतरितांसाठी मोहिमा चालवते. ब्राँक्समधली अमॅल्गमेटेड वसाहत अजून सहकारी आहे. किंडरलँड मॅसॅच्युसेट्समध्ये चालतं, आणि तिथल्या मुलांच्या उन्हाळी स्पर्धांत संघांना चळवळींची नावं दिली जातात. ट्रँगलच्या इमारतीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये मृतांचं कायमचं स्मारक उभं राहिलं. त्यावरचा मजकूर इंग्रजी, इटालियन आणि यिडिश या तिन्ही भाषांत आहे. दर २५ मार्चला कार्यकर्ते त्या मुली जिथे राहत त्या घरांसमोर जातात आणि फरसबंदीवर खडूने प्रत्येकीचं नाव, वय आणि पत्ता लिहितात. पावसाने ते पुसलं जातं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा लिहितात.