डोक्यावरचं कापड

हेल्मेट म्हटलं की आपल्याला गाडीवरचं आठवतं, तेही चौकात मामा दिसला की डोक्यावर चढणारं! सैनिकाचं हेल्मेट मात्र वेगळंच प्रकरण आहे. मला त्यात रस वाटला तो एका साध्या प्रश्नामुळे. स्टील सोडून लोक कापडाकडे का वळले?

अमेरिकन सैन्याचंच उदाहरण घेऊ. 1941 साली आलेलं त्यांचं एम-1 हेल्मेट मँगनीज स्टीलचं होतं. जवान त्यात पाणी घेऊन दाढीसुद्धा करायचे. पुढे 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक या केमिस्ट बाईंच्या संशोधनातून केव्हलार जन्माला आलं. वजनाच्या हिशोबात स्टीलच्या पाचपट ताकदीचा धागा! त्याच्या कापडाचे 19 थर रेझिन लावून साच्यात दाबले की झालं 'पासगट' हेल्मेट. 1983 मध्ये ग्रेनाडाच्या लढाईत ते पहिल्यांदा वापरलं गेलं. गंमत म्हणजे ते एम-1 पेक्षा हलकं नव्हतंच, साइजप्रमाणे साधारण 1.4 ते 1.9 किलो. वजन वाचवण्याऐवजी त्यांनी संरक्षण वाढवून घेतलं.

आता ते काम कसं करतं बघा. तुकडा आदळला की धागे ताणले जातात आणि तो ताण धाग्यांतून आवाजाच्या वेगाने, म्हणजे धाग्यातल्या आवाजाच्या वेगाने, चहूकडे पळतो. त्यामुळे एका टिंबावरची ऊर्जा मोठ्या भागात वाटली जाते. शिवाय थर एकमेकांपासून सुटतात, त्यातही ऊर्जा खर्च होते. थोडक्यात, हेल्मेट स्वतः मोडून डोकं वाचवतं.

पण कशापासून? सिनेमात दाखवतात तसं रायफलीच्या गोळीपासून नव्हे. मुख्य शत्रू म्हणजे बॉम्बगोळ्यांचे उडणारे तुकडे. पासगटची कसोटी होती 1.1 ग्रॅमचा तुकडा, वेग सेकंदाला सुमारे 610 मीटर. ½mv² काढा, साधारण 205 ज्यूल येतात. पुढच्या 'एसीएच' हेल्मेटला 9 मि.मी.ची पिस्तुलाची गोळी अडवायची होती, ती सुमारे 730 ज्यूलची. आणि एके-47 ची? जवळजवळ 2000! तेव्हा हेल्मेट घातलं म्हणून कुणी बिनधास्त डोकं वर काढू नये.

बरं, गोळी अडली तरी संकट टळत नाही. हेल्मेट आतल्या बाजूला फुगतं आणि तो फुगवटा कवटीवर आदळू शकतो. म्हणून डोकं आणि कवच यांच्यामध्ये मोकळी जागा लागते. पासगटमध्ये ती पट्ट्यांच्या जाळीने राखली जायची, एसीएचमध्ये फोमच्या पॅडनी. एसीएचची पुढची कडही कापली. त्यामुळे थोडं डोकं उघडं पडलं, पण पालथं पडून नेम धरताना समोरचं नीट दिसू लागलं. मला हा सौदा पटतो. हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत असेल तर जवान ते मागेच सरकवणार ना!

नंतरचं 'ईसीएच' हेल्मेट चक्क पॉलिथिनचं निघालं. आपल्या दुधाच्या पिशवीचाच हा भाऊबंद, फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब.

फुगवटा मोजतात मातीच्या डोक्यावर. एसीएचला पुढे-मागे मर्यादा होती 25.4 मि.मी., म्हणजे बरोब्बर एक इंच. मेंदूला किती धक्का चालतो यावरून हा आकडा आला असेल असं वाटतं ना? 2014 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने चाचण्या तपासल्या, तेव्हा मातीतला खड्डा आणि मेंदूची इजा यांना जोडणारा वैद्यकीय आधारच नसल्याचं त्यांनी नोंदवलं.