प्राचार्य आंबेडकर

बँकेतल्या नोकरीची माझी अखेरची वर्षे अजिंठ्याच्या परिसरात गेली. निवृत्तीनंतरही फर्दापूरला अधूनमधून चक्कर होते. परवा तिथे चहाच्या टपरीवर ओळखीचा एक मुलगा भेटला. वडील लेणी पाहायला येणाऱ्यांना रंगीत स्फटिक विकतात. मुलगा शहरात राहून कायदा शिकतो. म्हणाला, "साहेब, यंदा कॉलेज सोडावं म्हणतो. आमच्यासारख्यांना कोर्टात कोण विचारणार?"

मला एकदम प्राचार्य आंबेडकर आठवले.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण ते कायद्याचे प्राध्यापक होते, हे सहसा लक्षात राहत नाही. १९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढल्या वर्षी त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे अशील सहजी येईनात. मिळकतीला जोड म्हणून १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

१९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळकडे निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. फर्दापूरप्रमाणे तोही तेव्हा निजामाच्या मुलखात होता. दरवाजाजवळच्या टाक्यावर मंडळींनी हातपाय धुतले आणि 'टाके बाटवले' अशी ओरड झाली. अखेर किल्ला पाहू दिला, तोही पाण्याला हात लावू नये म्हणून सशस्त्र शिपाई सोबत देऊन. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे.

२७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. जूनच्या आरंभीच, ते दुःख ताजे असताना, त्यांनी त्याच विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. १८५५ मध्ये स्थापन झालेले हे नामांकित महाविद्यालय. त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. तो वादळी काळ. तरी कायद्याच्या शिक्षणात काय सुधारावे, यावर १९३६ मध्ये त्यांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले. शिकवण्याची ओढ मात्र सुटली नाही. १९५० साली औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद.

माझे आयुष्य सह्या पडताळण्यात गेले. त्यामुळे मनात येते, ज्या हाताचा पाण्याला स्पर्श नको होता, त्याच हाताची सही वर्षभरात मोठमोठ्या घरांतल्या मुलांच्या कागदांवर होऊ लागली असेल.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दौलताबादला कितीदा गेलो, पण हे माहीत नव्हतं."

"परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा?" मी विचारले.

"शुक्रवारपर्यंत."

एवढ्यात एसटी आली. तो पिशवी उचलून चढला. शुक्रवारी मी त्याला फोन करणार आहे.