जुने चालते घर : त्याचे मुख आणि त्याच्या नाड्या

घर म्हटले म्हणजे ते एका जागी स्थिर असावयाचे आणि वाहन म्हटले म्हणजे ते चालावयाचे, हा आपल्या मनाचा जुना संकेत होय. परंतु या दोहोंचा संयोग घडवून आणणारी एक वस्तू पाश्चात्य देशांत गेली पाऊणशे वर्षे चांगली रुळलेली आहे. जिच्यात निजावयास बिछाना आहे, चहापुरती शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि तरीही जी सकाळी उठून दुसऱ्या गावास जाऊ शकते, अशा त्या मोटारीस तिकडे मोटरहोम म्हणतात. आपण तिला चालते घर म्हणू.

या जातीच्या गाड्यांत जर्मनीतील फोक्सवागेन कारखान्याच्या डबेवजा गाडीइतके प्रेम दुसऱ्या क्वचितच एखाद्या गाडीस लाभले असेल. बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने १९४७ च्या एप्रिलमध्ये आपल्या टिपणवहीत तिची ओबडधोबड आकृती काढली. १९५० च्या मार्चपासून ती वोल्फ्सबुर्ग येथे तयार होऊ लागली आणि १९५६ मध्ये तिच्यासाठी हानोफर येथे स्वतंत्र कारखाना निघाला. वेस्टफालिया नावाची संस्था १९५१ पासून तिच्या पोटात पलंग, कपाटे व मेज बसवून देऊ लागली. १९६७ साली तिची दुसरी पिढी आली. जर्मनीत त्या पिढीचे उत्पादन १९७९ मध्ये संपले, तरी ब्राझीलमध्ये तिचे वंशज २०१३ च्या अखेरपर्यंत निघत होते. याच कारखान्याचे नाव २००९ पासून आपल्या पुण्याजवळील चाकणच्या वसाहतीवरही झळकते आहे. तेव्हा हे कुळ आपणांस अगदीच परके नाही.

या गाडीविषयी येथे लिहिण्याचे कारण असे की, आपल्या कित्येक घरांतील मुले व नातवंडे आज जर्मनीत, इंग्लंडात वा अमेरिकेत नांदत आहेत, आणि सुट्टीत कुटुंब घेऊन हिंडण्यासाठी अशी चाळीस-पन्नास वर्षांची जुनी गाडी विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार करण्याचा छंद तिकडे पुष्कळांस जडतो. छंद उत्तम आहे. त्यात हाताला काम आहे, बुद्धीला खाद्य आहे आणि पुढे सहकुटुंब प्रवासाचे सुख आहे. मात्र या कामात एक मोह असतो. गाडीचे दार उघडताच प्रथम डोळ्यांत भरतो तो चालकापुढील डॅशबोर्ड. उन्हाने त्याचे वरचे काळे आवरण तडकलेले असते, तबकड्यांच्या काचा धुरकटलेल्या असतात, दोन दिवे लागत नसतात. साहजिकच मनुष्य तेथूनच प्रारंभ करतो. नवे आवरण, नव्या काचा, नवा रंग, एखादा नवा रेडिओ, इतके झाले की गाडी नवी झाली असे त्यास वाटू लागते.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे. डॅशबोर्ड हे गाडीचे मुख होय. पण त्या मुखामागे ज्या तारांचे जाळे पसरलेले असते त्या तिच्या नाड्या होत. नाडी पाहिल्यावाचून मुखास लेप लावणारा वैद्य जसा शहाणा नव्हे, तसाच तारा तपासल्यावाचून डॅशबोर्ड सजविणारा कारागीरही नव्हे. भिंतींना ताजा चुना दिला आणि तुळईत वाळवी तशीच राहिली, तर अशा वाड्यात बिऱ्हाड करणे किती धोक्याचे, हे आपल्या वडील मंडळींस सांगावयास नको. चालत्या घरात तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. कारण त्यात माणसे केवळ बसत नाहीत, रात्री मुलाबाळांसह निजतात.

येथे कोणी म्हणेल, मोटारीतील वीज ती काय? १२ व्होल्ट! हात लावला तरी झिणझिणी येत नाही. हाच भ्रम प्रथम दूर केला पाहिजे. घरात २३० व्होल्टवर ६० वॅटचा दिवा लागतो तेव्हा तारेतून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो. तितकेच काम १२ व्होल्टवर करून घ्यावयाचे तर ५ अँपिअर लागतात. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार असेल तर ती उष्णता सुमारे ३६७ पट होते. तात्पर्य, मोटारीतील वीज अंगास झटका देत नाही हे खरे, पण आग लावण्यास ती घरच्या विजेहून मुळीच उणी नाही.

हा हिशोब ज्याच्या नियमाने करता येतो तो गेओर्ग ओम (नाव तर आपल्या कानास मंगलच वाटावे) हाही कोलोन येथे गणित व पदार्थविज्ञान शिकविणारा शाळामास्तरच होता, आणि आपला नियम त्याने १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचा उपयोग पाहा. पाण्याचा पंप ५ अँपिअर घेतो आणि जाऊन-येऊन तारेची लांबी १० मीटर आहे असे समजा. तांब्याची तार पाऊण चौरस मिलिमीटर छेदाची घातली तर वाटेतच सुमारे १.१७ व्होल्ट खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची घातली तर केवळ ०.३५ व्होल्ट. आता तार जाड घातली, पण एका सांध्यावर गंज चढून तेथे एक दशांश ओम इतका रोध उत्पन्न झाला, असे धरू. त्यातून १० अँपिअर जाऊ लागले की मुगाच्या दाण्याएवढ्या त्या जागेत १० वॅट उष्णता सारखी निर्माण होत राहते. आवरण मऊ होते, काळवंडते, आणि एखाद्या दिवशी पेट घेते. या गाडीत इंजिन मागे असते, बॅटरीही तेथेच, पेट्रोलची टाकी त्यालाच लागून, आणि पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्याच कोंदट जागेत. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने एकदा पेटले की विझविणे कठीण. म्हणून तारांच्या कामास हात घालतानाच त्या रबरी नळ्याही बदलाव्या. त्यात काटकसर करू नये.

आता कामाचा क्रम सांगतो. प्रथम बॅटरी सोडवावी, आणि तीही ऋण टोकापासून. कारण गाडीचे सारे लोखंडी अंग ऋण टोकास जोडलेले असते. धन टोक सोडविताना पाना चुकून त्या अंगास टेकला, तर बॅटरी आपला सर्व प्रवाह त्या पान्यातून ओतू पाहते. ऋण टोक आधी सुटले असले म्हणजे हे भय राहत नाही.

दुसरे काम लेखणीचे. एकही तार सोडविण्यापूर्वी तिला चिठ्ठी बांधावी, छायाचित्रे घ्यावी आणि नकाशा काढावा. येथे जर्मन अभियंत्यांनी आपणांवर मोठे उपकार केलेले आहेत. डिन ७२५५२ या मानकाने प्रत्येक टोकास एक अंक नेमून दिलेला आहे. ३० म्हणजे बॅटरीचे सदैव जागते धन टोक. १५ म्हणजे किल्ली फिरविल्यावरच जागे होणारे. ३१ म्हणजे गाडीच्या अंगास मिळणारे ऋण टोक. ५० म्हणजे स्टार्टरकडे जाणारी आज्ञा. ५६-अ व ५६-ब म्हणजे पुढील दिव्यांचे लांबचे व जवळचे झोत. ज्याने आयुष्यभर व्याकरण शिकविले त्यास हे पाहून पाणिनीचे स्मरण व्हावे, यात नवल नाही. ‘टि’, ‘घु’, ‘भ’ या संज्ञांना स्वतःचा असा काही अर्थ नाही. पण एकदा संकेत कळला की अष्टाध्यायीची दारे उघडतात. त्याचप्रमाणे हे आठ-दहा अंक पाठ झाले म्हणजे तारांचा जो गुंता भयंकर वाटत होता तो वाक्यासारखा वाचता येऊ लागतो. त्यातच तपकिरी तार ऋण टोकाची व लाल तार बहुधा ३० ची, हे लक्षात ठेवले की अर्धे काम झाले. मात्र मधल्या मालकांनी हाताशी आली त्या रंगाची तार जोडलेली असते. म्हणून रंगावर विश्वास ठेवण्यापूर्वी मीटर लावून पाहावा.

तिसरे काम घासण्याचे. दिवा मंद जळतो, काटा थरथरतो, एक खूण लावावी तर दुसरीच लुकलुकते, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा ऋण टोकांच्या जोडणीत सापडते. देवघरातील ताम्हन आपण रोज घासतो, कारण तांब्यावर कळंक चढतो हे आपणांस ठाऊक आहे. गाडीतील तांब्या-पितळेस पन्नास वर्षांत कोणी घासलेले नसते. जेथे तपकिरी तार गाडीच्या अंगास मिळते तेथील रंग व गंज घासकागदाने काढून धातू उजळ करावा, आणि मग घट्ट बसवावी. फ्यूजच्या पेटीचेही असेच आहे. या गाडीतील फ्यूज चिनीमातीच्या दांडीसारखे असतात, पांढरा ८ अँपिअरचा व तांबडा १६ अँपिअरचा. ते दोन पत्र्यांच्या चिमट्यात केवळ दाबाने उभे राहतात. चिमटे सैल वा मळकट झाले की फ्यूज शाबूत असूनही पेटी तापते. पांढरा वारंवार वितळतो म्हणून त्या जागी तांबडा बसविणे हा उपाय नव्हे. पहारेकऱ्याने हाक मारली म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे ते आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की फ्यूज आपल्या पुढच्या तारेचे रक्षण करतो, मागच्या तारेचे नव्हे. यास्तव नवी तार ओढावयाची झाल्यास तिचा फ्यूज बॅटरीच्या जवळच असावा.

तारा बदलताना घरच्या भिंतीत वापरतात ती एकेरी जाड कांबीची तार वापरू नये. गाडीच्या कंपनाने ती तुटते. अनेक बारीक तंतूंची तार घ्यावी. सांधे डाख लावण्याऐवजी योग्य पकडीने दाबून बसवावे, कारण डाख तंतूंमध्ये झिरपून तारेस ताठर करतो आणि ती नेमकी त्या कडेला मोडते. पत्र्याच्या भोकातून तार जाते तेथे रबरी कडी अवश्य घालावी.

इतके झाल्यावर मगच मुखाकडे वळावे. येथेही एक-दोन खोचा आहेत. वेगदर्शक काट्यास विजेची गरज नाही. पुढील डाव्या चाकातून निघालेली एक फिरती दोरी त्यास चालविते, म्हणून तो बंद पडल्यास तारांस दोष देऊ नये. परंतु बॅटरी भरली जात आहे की नाही हे दाखविणारा लहानसा तांबडा दिवा, जो ६१ या अंकास जोडलेला असतो, तो मात्र केवळ साक्षीदार नव्हे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्या दिव्यातून जाणारा किंचित प्रवाहच अल्टरनेटरास जागे करतो. शोभेसाठी तेथे नव्या तऱ्हेचा एल.ई.डी. दिवा बसविला तर त्यातून प्रवाह फारच थोडा जातो आणि बॅटरी भरण्यास पुष्कळदा प्रारंभच होत नाही. म्हणून जुना दिवाच ठेवावा, अथवा जोडीस योग्य रोधक लावावा. वळणाच्या दिव्यांतही तसेच दिवे घातले तर जुना फ्लॅशर दिवा फुटला असे समजून भराभर लुकलुकू लागतो. जुन्या यंत्रात कोणता भाग शोभेचा व कोणता प्राणाचा, हे न जाणता बदल करू नये, हाच यातला बोध.

निजण्याच्या भागातील दिवे, पंप व शीतकपाट यांसाठी दुसरी बॅटरी ठेवण्याची पद्धत आहे. ती पहिलीशी नुसती जोडून देऊ नये. नाही तर रात्री शीतकपाट दोन्ही रिकाम्या करील आणि सकाळी गाडी सुरू होणार नाही. इंजिन चालू असतानाच दोहोंस जोडणारा रिले मध्ये घालावा, आणि जोडतारेच्या दोन्ही टोकांस फ्यूज असावा, कारण तिच्या दोन्ही अंगांस बॅटरी आहे. बाहेरील २३० व्होल्टची वीज आत घ्यावयाची असेल, तर ते काम मात्र परवानाधारक मनुष्याकडूनच करवावे.

जुने राखावे की सारे नवे करावे, हा वाद या छंदात नेहमी चालतो. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांच्या क्रमांकापुढे ‘ह’ हे अक्षर देण्याची सोय आहे. तेव्हा डॅशबोर्ड कापून त्यात मोठे पडदे बसविणाऱ्याने दोनदा विचार करावा. आमच्या मते मुख जुनेच ठेवावे आणि नाड्या नव्या कराव्या. तबकड्यांचे ते साधे गोल रूप ही त्या काळाची खूण आहे आणि ती पुसण्याचा आपणांस अधिकार नाही. पण कुजलेली तार ही कोणत्याही काळाची खूण नव्हे, तो केवळ धोका आहे.

शेवटचे काम सर्वांत सोपे, आणि म्हणूनच बहुधा राहून जाते. काम पुरे झाल्यावर तारांचा शुद्ध नकाशा, प्रत्येक फ्यूजचे काम व बदलाची तारीख कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून तो गाडीतच ठेवावा. ही गाडी आपल्या आधी दुसऱ्या कोणाची होती आणि आपल्यानंतर तिसऱ्या कोणाची होईल. आधीच्याने काही लिहून ठेवले नाही म्हणून आपले किती दिवस अंधारात चाचपडण्यात गेले, हे ज्याने अनुभविले असेल त्याने तरी पुढच्यावर तो प्रसंग आणू नये. परदेशी असलेल्या आपल्या मुलांस पत्र लिहिताना वडील मंडळींनी एवढा एक प्रश्न जरूर विचारावा : गाडी सुंदर दिसते हे छायाचित्रात पाहिले, तिच्या तारांचा नकाशा काढलास काय?