घरच्या मोटारखान्यासाठी लेथ व मिलिंग यंत्र

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांनी लोखंड कापणाऱ्या यंत्रांविषयी लिहावे, याचे सभासद बंधुभगिनींना नवल वाटेल. परंतु आमचा नातू पॉलिटेक्निकमध्ये शिकू लागला आणि दिलसुखनगर येथील घराच्या मोटारखान्यात लहानशी कार्यशाळा मांडण्याचा त्याने हट्ट धरला, तेव्हा खरेदीचा भार आमच्यावर पडला. त्या वेळी झालेली चूक इतरांकडून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन्ही यंत्रांतील भेद पाहू. लेथवर काम फिरते व हत्यार त्याची साल काढीत सरकते. दांडा, बुश, आटे अशी गोल कामे त्यावर होतात. मिलिंग यंत्रात कटर फिरतो व टेबलावर आवळलेले काम त्याखालून सरकते. सपाट पृष्ठे व खाचा त्यावर होतात. दोन्ही घेण्याइतके भांडवल नसेल, तर आधी लेथ घ्यावा. जोडसाधन लावून त्यावर बेताचे मिलिंग करता येते. दोन्ही यंत्रे एकाच सांगाड्यात बसविलेला प्रकारही मिळतो. त्यात जागा वाचते, पण एक काम मांडले असता दुसरे अडून राहते. ड्रिल यंत्रात कटर लावून मिलिंग करू नये. बाजूच्या रेट्याने त्याचा चक निसटण्याचा धोका असतो.

आता आमची चूक सांगतो. आम्ही स्वस्ताईला भुललो. नवा रंग चढविलेला एक जुना लेथ पाहिला आणि सौदा केला. आयुष्यभर परखी खुपसून पोत्याच्या पोटातला दाणा पाहणारे आम्ही, येथे मात्र पोत्याचे तोंड पाहूनच फसलो! नातवाने कातलेला प्रत्येक दांडा एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक येई. तीन महिने तो पोरगा आपलाच हात कच्चा आहे असे समजून खट्टू होत राहिला. शेवटी एका जाणत्या कारागिराने दाखविले, की चकाजवळ बेडच झिजला होता. यंत्र भंगारात गेले. पैशाचे नुकसान आम्ही सोसले. मुलाचा आत्मविश्वास गेला, त्याची टोचणी अधिक होती.

म्हणून परीक्षा अशी करावी. कॅरेज हाताने चकापासून टेलस्टॉकपर्यंत सरकवावे. चकाजवळ ढिले व पलीकडे घट्ट लागले, तर बेड झिजला असे समजावे. स्पिंडलला डायल गेज लावून ते हाताने फिरवावे. काटा ०.०२ मिलिमीटरहून अधिक हलल्यास सावध व्हावे. एक जाड दांडा चकात धरून १०० मिलिमीटर लांबी कातावी व दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. मिलिंग यंत्राच्या टेबलाची मूठ उलटसुलट फिरवून रिकामा फेर किती जातो, हे पाहावे.

जागेचाही विचार हवा. साडेचार फुटी लेथचे वजनही काही क्विंटल भरते. फरशी मजबूत हवी. यंत्र समतल न बसल्यास चांगला बेडही पीळ खातो. घरात एकच फेज असेल, तर मोटर तशीच घ्यावी किंवा तीन फेजच्या मोटरीस योग्य ड्राइव्ह जोडावा. चक, व्हाइस, कटर व मापनसाधने यांसाठी रक्कम आधीच बाजूस काढावी. यंत्र चालू असता हातमोजे व सैल बाह्या नकोत, आणि चकाची किल्ली चकात कदापि ठेवू नये.

आपल्या जुळ्या शहरांस ही विद्या परकी नाही. सिकंदराबादेत प्रागा टूल्स ही कंपनी १९४३ साली स्थापन झाली, तर बंगळूरची एचएमटी १९५३ साली. अशा नामांकित कारखान्यांची जुनी यंत्रे बाजारात पाहावयास मिळतात. तथापि नावावर न जाता तीही वरील कसोट्यांवर घासून घ्यावीत.

दुसरा लेथ आम्ही नातवालाच पारखू दिला. त्यावर कातलेला पहिला सरळ दांडा आमच्या पेढीवर गादीशेजारी ठेवलेला आहे. परखी हाती घेण्यापूर्वी आमची नजर आता एकदा त्याच्याकडे जाते.