हजार लिटरच्या टाकीचा हिशेब

इंदूरमध्ये गच्चीवर पाण्याची काळी टाकी नाही असं घर शोधावं लागेल. आमच्याकडची हजार लिटरची आहे आणि तिच्यातलं पाणी नर्मदेचं. नदी इथून सत्तरेक किलोमीटर दूर आहे, पण खरी अडचण अंतराची नाही, उंचीची आहे. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलायचं, विंध्याचा चढ चढवायचा आणि माळव्याच्या पठारावर आणून सोडायचं, हा उद्योग 1978 पासून चालू आहे. नदी आणि शहर यांच्या पातळीत चारशे मीटरांचा फरक आहे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे असा आकडा दिसला की गप्प बसवत नाही. पंप आदर्श मानला आणि पाइपातलं घर्षण शून्य धरलं, तरी एक टाकी वर आणायला एका युनिटहून थोडी जास्त वीज लागते. प्रत्यक्षात बरीच जास्त लागते, कारण पंप आदर्श नसतात आणि पाण्याला वाटेत घाटमाथाही ओलांडावा लागतो.

पुढचा आकडा दिल्लीचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण विजेमागच्या कार्बन डायऑक्साइडचे तक्ते प्रसिद्ध करतं. त्यांत देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे साधारण 0.7 किलो निघते. म्हणजे ग्रिडच्या विजेवर भरलेल्या माझ्या टाकीच्या नावावर निदान पाऊण किलो धूर. हे गणित मी घरबसल्या केलं. त्यासाठी अर्ज केला नाही, पैसे भरले नाहीत, कोणाची ओळखही काढली नाही. खुली माहिती म्हणतात ती हीच. आपल्याकडे 2012 साली केंद्राचं माहिती खुली करण्याचं धोरण आलं, सरकारी आकड्यांचं संकेतस्थळही त्याच वर्षी निघालं. जगातही सगळं आबादीआबाद नाही. पॅरिसची आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था देशोदेशींच्या सरकारांकडून आकडे घेते आणि त्यांतले तपशीलवार आकडे विकते.

आता आमच्या महापालिकेकडे येतो. जलूदच्या पंपांचं वीजबिल महिन्याला सुमारे 25 कोटी रुपये असल्याचं 2023 साली छापून आलं होतं. तो भार हलका करायला खरगोन जिल्ह्यात 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरला आणि त्यासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये पालिकेने 244 कोटींचे हरित रोखे थेट जनतेला विकायला काढले. व्याज सव्वाआठ टक्के. मागणी आली 720 कोटींच्या वर. व्याजाची चर्चा शहरात पुष्कळ झाली. मला मात्र रोख्यांपेक्षा त्यांच्यासोबतचं जाडजूड माहितीपत्रक मोलाचं वाटलं. सेबीच्या नियमांमुळे पालिकेला आपले लेखे, कर्जं, वसुली, जोखमी सगळं त्यात मांडावं लागलं. हरित रोखे म्हटल्यावर पैसा कुठे खर्च झाला आणि पर्यावरणाला काय लाभ झाला, हेही पुढे सांगत राहणं आलं. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्याला जे कोणी आपणहून आणून दाखवलं नाही, ते उसने पैसे देणाऱ्यासमोर मुकाट ठेवावं लागलं! सावकाराचा हा असा उपयोग कोणत्याच नागरिकशास्त्रात शिकवलेला नाही.

सरकारने आकडे द्यायची वाट न पाहणारेही आहेत. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ कराराची आकडेवारीनिशी चिरफाड केली, हे अनेकांना आठवत असेल. पुढे याच गटाने देशभरात, साध्या घरांत, भिंतीवरच्या सॉकेटला लावायची छोटी यंत्रं बसवली. यंत्र दर मिनिटाला व्होल्टेज टिपणार आणि ती नोंद सर्वांसाठी खुली होणार. कागदावरचा पुरवठा फीडरवर मोजलेला असतो, इथला दिव्याजवळ. संध्याकाळी सात वाजता एखाद्या गावात वीज खरोखर होती का, याचं उत्तर अशा नोंदीतूनच मिळतं.

माझा भाचा ऊर्जेवर संशोधन करतो. पालिकेचं माहितीपत्रक त्याला मोठ्या उत्साहाने दाखवलं, तर चाळून म्हणाला, "मामा, हे सगळं वर्षाचं आहे. पंप रात्री दोन वाजता किती वीज घेतात?" मी निरुत्तर. प्रश्न मात्र अगदी मुद्द्याचा होता. सौर प्रकल्प क्षमतेच्या वीस टक्के चालतो असं धरलं तर 60 मेगावॉटचे दिवसाला पावणेतीन-तीन लाख युनिट होतात, पण ते सगळे उजेडातले. पंपांना मात्र रात्र-दिवस सारखाच. वर्षाच्या बेरजेत सूर्य आणि पंप छान जुळतील, तासांच्या हिशेबात जुळतीलच असं नाही. त्याने दुसऱ्या एका ठिकाणी तासागणिक आकडे मागितले होते. तिथून आडव्या स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा आला. तेवढे आकडे पुन्हा हाताने टंकायचे, म्हणजे प्रबंध राहिला बाजूला.

इथे एक सावधगिरी हवी. इंदूरमध्ये घरोघरी स्मार्ट मीटर बसताहेत. एका घराच्या विजेचा आलेख पाहून ते लोक गावाला कधी गेले हेसुद्धा कळतं. तो आलेख चव्हाट्यावर येता कामा नये. पंपघराला असलं खाजगी आयुष्य नसतं.

भाच्याची मागणी पाच रकान्यांची आहे: तारीख, तास, ग्रिडमधून घेतलेली वीज, सौर प्रकल्पातून आलेली वीज, चढवलेलं पाणी. एवढं मिळालं तर उन्हाच्या वेळी पंप जोरात चालवून शहरातल्या टाक्या दिवसाच भरून ठेवता येतील का, आणि येत असतील तर बॅटरीवरचा किती खर्च वाचेल, हे तो काढू शकेल. टाक्या तर बांधलेल्याच आहेत.